कै. अंजनाबाईंची छापील ओवी

१२ जानेवारी, सोमवार

सगळ्यात आधी आली ती गजरा. माझी धाकटी भन. केंदूरवरनं, आमच्या माहेरनं, भाच्याच्या टेंपोत, संगं भावकीतल्या बाया. फाटकापासनंच हेल काढत आली, "आक्का गंऽ माझी..." हे ओट्यावर बसलेले. कानाचं यंत्र ल्योकानं आणून दिलंय, पर ते खिशात ठेवत्यात, झिजंल म्हणून. गजरा ह्यांच्या म्होरं बसली आन् म्हणाली,

"दाजी, गेली वो माझी आक्का!"

हे म्हणाले, "व्हय, गेलीय."

"कवा गेली?"

"सकाळीच गेली."

"आन् आम्हाला कुणी सांगितलं बी न्हाई?"

"त्यात सांगायचं काय? आठ दिसाला जातीच की ती."

मी गिरणीत गेले होते. बाजरीचं दळण, उद्या भोगी. परत आले तर अंगणात बाया पदर तोंडाला लावून बसलेल्या. मला वाटलं हेच गेले. हातातला डबाच निसटला. गजरानं वर बघितलं तर म्होरं मी, तोंडावर पीठ, पांढरी फटक. अशी किंचाळली की कांद्यातनं सुनंदा पळत आली. सुनंदा म्हंजी माझी सून.

मग उलगडलं. आमची सायली, माझ्या ल्योकाची, बाळूची पोरगी, दौंडच्या शाळेत संगीत शिकवती. गाण्याच्या मास्तर लोकांचं एक मासिक निघतं, त्यात तिचा लेख आलाय. पहिलीच ओळ, 'माझ्या कै. आजी अंजनाबाई यांनी जात्यावर मला पहिला सूर दिला.' केंदूरच्या शाळेतल्या गुरुजींनी तो लेख गावच्या ग्रुपवर टाकला. खाली समद्या गावानं हात जोडले, भावपूर्ण श्रद्धांजली. अंजना म्हंजी आपल्यातलीच लेक म्हणून.

गजरानं दुखवट्याची पिठलं-भाकरी आणली होती. सुतकाच्या घरात चूल पेटत न्हाई म्हणून पाव्हण्यांनी आणायचा तो कडू घास. आता टाकायचा कुठं? समद्यांनी खाल्ला, मी बी. मीठ लई पडलेलं. म्हणलं, "गजरे, माझ्या मरणाला तरी मीठ बघून टाकायचंस." म्हणाली, "रडत रडत केलं गं."

खोटं कशाला लिहू, मला आतनं लई बरं वाटलं. आक्का लई गुणाची होती, आक्कासारखी आक्काच, असं गजरा बोलली म्हणं. जित्तेपणी एकदा बी बोलली न्हाई. जाताना माझा हात धरून बसली. टेंपोवाला भाचा म्हणाला, चला, अंधार पडायच्या आत उसाची वाट सोडू, बिबट्या असतोय.

सायली आली की विचारते. छापलंय तरी काय काय माझ्याबद्दल.


१३ जानेवारी, मंगळवार. भोगी

तीळ लावून भाकरी, लोणी, मिसळीची भाजी. ह्यांनी दोनदा भाजी घेतली आन् गजराचं पिठलं बरं होतं म्हणाले.

काल सायली गाडीवरनं उतरली तवा तिला निम्मं कळलेलं होतं, दिवसभर फोन वाजत होता म्हणाली. मी हसत होते. ती हसली न्हाई. "छपाईची चूक हाय आज्जी, कळवते त्यांना."

आज जेवणं झाल्यावर म्हणलं, वाच की मोठ्यानं. मला वाचाय येतं, तिसरी झाली होती, पर बारीक अक्षर दिसत न्हाई. सायलीनं वाचलं. घाईत वाचलं, बस चुकंल अशी.

माझं काय काय हाय त्यात. जात्याची घरघर धरून सूर लावायचा, हे मी दिवाळीत बोलले होते. खुंटा मागं ओढताना दम घ्यायचा, हे बी माझं. पर मधीच 'अंजनाबाई म्हणत, संगीत ही आत्म्याची भाषा आहे.' मी? मी कवा म्हणले? आत्म्याचं नाव मी फकस्त दहाव्याला ऐकते.

आन् एक ओवी हाय, माझी म्हणून.

'सूर माझा आभाळाचा, ताल माझा पावसाचा,
जाते फिरे गरगर, दिवा लागे अंतरीचा.'

गोड हाय. पर मला आठवंना. पुना वाच म्हणलं. पुना वाचली. न्हाईच आठवत. ह्या वयात काय काय निसटतंय, आसंल कधी म्हणलेली. सुनंदा म्हणाली, "आत्या, तुम्ही केंदूरच्या वाटंची म्हणता, ही न्हाई कधी ऐकली."

सायलीनं मासिक मिटलं आन् भांडी घासाय गेली. भोगीच्या दिवशी. ती कधी भांड्याला हात लावत न्हाई. पेटीवर बोटं चालत्यात, राखंत न्हाई, असं तिचंच म्हणणं असतं.


१५ जानेवारी, गुरुवार

आपल्यात हळदीकुंकू झालं. वाण म्हणून चहाची गाळणी. सुनंदाच्या मनात डबी होती, मी म्हणलं गाळणी, रोज हातात येती.

बाया लई आल्या. एरवी येत न्हाईत एवढ्या. मेलेली बाई बघायला. "आज्जी, आयुष्य वाढलं बघा तुमचं." आमच्या मांडवगणात आता माझं नाव माहीत न्हाई असं घर उरलं नसंल. मी हिरवं नेसले होते, काठाचं.

मग म्हणाल्या, ओवी म्हणा. मी माझी सुरू केली,

'केंदूरच्या वाटंवरी बाभळीची सावली,
थांब थांब मुराळ्या, भाकर बांधी माऊली.'

भाऊ न्यायला यायचा तवाची ही. निम्मी झाली तर सरपंचीण म्हणाली, "ती न्हाई आज्जी, ती छापलेली म्हणा. आभाळाची."

समद्या म्हणाल्या, व्हय व्हय, आभाळाची.

मी म्हणले. चाल माझीच लावली. आवाज बी आज बरा लागला, तिळाचं तेल पोटात गेल्याचा गुण. फोन वर केलेले समद्यांनी. कुणी तरी म्हणलं, "ही तुमची स्वतःची का वो?" मी मान हलवली. कशी हलवली ते नीट आठवत न्हाई. व्हय अशीच हलली आसंल.

सायली दारात उभी होती तिळगूळ घेऊन. ताट तिथंच ठेवून आत गेली.

लई आनंद झाला होता. आता लिहिताना तेवढा न्हाई.


१७ जानेवारी, शनिवार

खुटबावच्या एक बाई आल्या. वैशालीबाई. कोवळी पोरगीच हाय, तिथल्या शाळेत गाणं शिकवती, अजून कायम न्हाई, आमच्या सायलीसारखीच. नवऱ्याच्या मागं बसून नदी ओलांडून एवढ्या लांब आली. आल्या आल्या माझ्या पाया पडली. "आज्जी, तुम्ही हयात हाय कळलं आन् मला राहवंना."

पेढे आणले होते. हे दोन खाऊन बसले, साखरेचं कोण बघतो.

तिनं सायलीचा लेख वाचून बाजारातनं जातं आणलंय. वर्गात मांडलंय. लेखात लिहिलं तसं पोरींना पाळीपाळीनं बसवती, जातं फिरवत गायला लावती. उंच पट्टीत, लेखात आसंच हाय. मग सायलीला म्हणाली,

"मॅडम, तुमची सातवीची पोरं दिवाळीपर्यंत सुरात आली. माझी येईनात. माझं काय चुकतंय?"

सायलीनं पेढ्यांचा खोका माझ्याकडं सरकवला.

"मी करते ते खरंच बघून सांगा. न्हाई तर मी तुमच्या वर्गात येते. तुमचं जातं कसं मांडलंय तेवढं बघते."

सायली म्हणाली, "जातं... टाकी लावायला दिलंय."

मी चहा गाळत होते. नव्या गाळणीनं. जात्याला टाकी लावणारा, म्हंजी छिन्नीनं ठोकून धार काढणारा माणूस ह्या भागात येऊन किती साल झाली, मला बी सांगता यायचं न्हाई. आन् सायलीच्या शाळेत जातं हाय हे मी आजच ऐकलं. आपल्या घरचं जातं तर गोठ्यात पालथं पडलंय, त्यावर कोंबड्या बसत्यात.

वैशालीबाई म्हणाली, "बरं, आलं की कळवा, मी येईन." पदर खोचून निघाली. जाताना मला म्हणाली, तुमचा व्हिडिओ बघितला आज्जी, पोरींना दाखवला, हीच ती ओवी म्हणून.

मी काय बोलले न्हाई. पेढा तोंडात होता म्हणावं तर तो बी नव्हता.


१८ जानेवारी, रविवार

आज समदं बाहेर आलं. आन् आलं ते बी कसं. लिहिताना बी हसू येतंय.

सायली सकाळी पेटी घेऊन बसली होती, वाजवत नव्हती, नुसता भाता हलवायची. मी जवळ बसले. म्हणलं, "सायले, जातं कुणाकडं दिलंस टाकीला?"

डोळ्यातनं पाणीच आलं तिच्या. खाली बघून म्हणाली, "आज्जी, त्यो लेख मी लिहिलाच न्हाई."

"मग कुणी लिहिला?"

"एआयनं."

मला ऐकू आलं, आयनं. उठले तशी सैपाकघरात. सुनंदा भाकरी थापत होती. म्हणलं, "व्हय गं, जित्या सासूला कैलासवासी केलंस? एवढी जड झाले मी?"

सुनंदाच्या हातातली भाकरी परातीत. "अवो आत्या, काय बोलता? मी वाण्याला चिठ्ठी लिहिते तर तेल दोनदा लिहिते. मी लेख कधी लिहू?"

"पोरगी म्हणती, आयनं लिहिला."

मागनं सायली ओरडली, "आय न्हाई गं आज्जी, एआय! फोनमधला! कॉम्प्युटर!"

सुनंदा हसाय लागली, मी बी हसले, बाळू बाहेरनं आला काय झालं म्हणून. आन् सायली मधी उभी, रडती. मग आम्ही गप झालो.

सांगितलं तिनं. शाळेत म्हणले होते, नावावर एखादा लेख असू द्या, कायम करायच्या वेळंला बरं दिसतं. शिरूरला समद्या गाण्याच्या मास्तरांम्होरं एक नमुना पाठ हाय, त्याला बी लेख बघूनच घेत्यात. ही बसली लिहायला. हिला पेटी येती, गळा येतो, पोरं हिच्यावर जीव टाकत्यात, पर कागद म्होरं आला की थिजती, ल्हान असल्यापासनं. मग फोनला बोलली. मी दिवाळीत बोलले ते तुकडे बोलली. आन् म्हणाली, 'आज्जी गेली, न्हाई तर तिलाच विचारलं असतं.' मी त्या दिवशी खुटबावला गेले होते, लेकीकडं, मंगलकडं. फोनला वाटलं गेली म्हंजी गेलीच. तिथनं म्होरं समदं त्यानंच रचलं. कैलासवासी त्यानं केलं. आत्म्याची भाषा त्याची. ओवी त्याची. सातवीची पोरं दिवाळीपर्यंत सुरात आली, ती बी त्याची.

"म्हंजी वर्ग झालाच न्हाई?" बाळूनं विचारलं.

"माझ्या शाळेत जातंच न्हाई आबा." बापाला आबा म्हणती ती.

"मग वाचलं न्हाईस धाडायच्या आधी?"

"वाचलं. बरं वाटलं वाचून. मला असं कधी लिहिता येत न्हाई. वाटलं, हे घडलं असतं तर असंच घडलं असतं."

लेखाच्या खाली लिहून दिलंय तिनं, सदर लेखन माझे स्वतःचे आहे. सही तिचीच.

बाळू म्हणाला, गप बसा समदे. कारखान्याच्या चेअरमनचं भाषण कोण लिहितं? चेअरमन का लिहितो? कोण विचारतं?

सुनंदा परातीतनं मान वर न करता म्हणाली, "चेअरमनचं भाषण ऐकून कुणी जातं इकत आणत न्हाई."

 ह्यांनी यंत्र कानात घातलेलं होतं आज नेमकं. म्हणाले, "कोण गेलं म्हणता?"


१९ जानेवारी, सोमवार

त्या मासिकाच्या बाईंचा फोन. संपादक का काय म्हणत्यात त्या. गोड बोलल्या. फार मोठी नजरचूक झाली, पुढच्या अंकात चौकट टाकतो, 'लेखिकेच्या आजी श्रीमती अंजनाबाई हयात आहेत.' सायलीनं म्हणलं श्रीमती नको, आजोबा बी हयात हायेत, सौभाग्यवती टाका. मी म्हणलं, बघा, आता ह्यांना मारत होते.

बाई शनिवारी येणार हायेत घरी. माझा फोटो काढायला. बरोबर अजून कुणी गुरुजी. ओवी माझ्याच तोंडून ऐकायची म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर सायलीचा चेहरा जरा सुटला. "आज्जी, तेवढंच छापतील. मिटलं."

मिटलं तर बरंच. मी ट्रंकंतलं निळं पातळ काढलं, उन्हात टाकलं. फोटोत हिरवं काळं दिसतं म्हणं.

पर दिवसभर एक डोक्यात. मी बी काय, ऐकलेलंच म्हणते की. निम्म्या ओव्या सासूच्या. काही शेजारणीच्या, गंगूबाईच्या. केंदूरची तेवढी माझी, आन् दोनचार. मग ही बी ऐकली आन् म्हणली. गंगूबाईकडनं ऐकली काय आन् फोनकडनं ऐकली काय. मला फरक सापडंना. फोन तरी कुठनं तरी ऐकूनच म्हणत आसंल, त्याला कुठली आय हाय शिकवायला.

ताक घुसळताना सुनंदाला विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही गंगूबाईची म्हणता तवा आधी सांगता, ही गंगूची बरं का. मग म्हणता."

एवढंच बोलली. मग लोण्याचं बघाय लागली. बरोबर हाय. गंगूला जाऊन लई साल झाली, पर तिची ओवी मी कधी माझी म्हणून म्हणले न्हाई. तिची म्हणून म्हणलं की ती बाई जरा वेळ इथंच बसल्यावानी वाटती.

आन् ह्या ओवीत... कोण बसतंय? कुणी न्हाई. मीच बसले त्यात हळदीकुंकवाला, हिरवं नेसून.


२१ जानेवारी, बुधवार

ऊसतोडीच्या गाड्यांनी वाट अडली होती, सायली उशिरा आली. तिच्या आधी मंगलचा फोन आला खुटबाववरनं, माझी लेक. तिच्या गल्लीतली एक पोर त्या वैशालीबाईच्या वर्गात हाय.

तिथं गोंधळ झालाय. दोन पोरींचे घसे बसले. एकीची आय शाळेत गेली तणतणत, आमच्या पोरी शिकायला धाडतो का दळायला? आम्ही दळून दळून पोरींना शाळेत घातलं आन् तुम्ही पुना जात्यावर बसवता? लई बोलली म्हणं. चुकीचं तरी काय बोलली. माझ्या लेकीला जात्यावर बसवलं असतं शाळेत तर मी बी गेले असते.

मोठ्या सरांनी वैशालीबाईला समद्यांम्होरं विचारलं, कुणी सांगितलं हे करायला? तिनं मासिक काढून दाखवलं. हे बघा सर, छापलंय, दौंडच्या शाळेत झालंय, सगळी पोरं सुरात आली. सर म्हणाले, तिथं होतं आन् तुमच्याकडं होत न्हाई म्हंजी तुम्हालाच शिकवता येत न्हाई.

हे ऐकलं आन् मी सायलीची वाट बघत फाटकात जाऊन उभी राहिले.

सायली आली तिला सांगितलं. ती हातपाय न धुता तशीच उभी. म्हणलं, त्या पोरीला फोन कर, खरं सांग. म्हणाली, "सांगितलं तर ती सरांना सांगणार. सर मासिकाला. मग माझ्या शाळेत. मला काढतील आज्जी. नमुना पाठ तर गेलाच. परत कोण पेटीला हात लावू देईल मला?"

"आन् न्हाई सांगितलं तर?"

"तिला काढतील."

मग दोघी बसलो. सुनंदानं भात वाढला, कुणी जेवलं न्हाई नीट. बाळू बी आज चेअरमनचं नाव काढंना. मला सायलीचा राग आला आन् तिच्या डोक्यावरनं हात फिरवावासा बी वाटला, दोन्ही एकदम. राग माझा मला बी येतोय. त्या पोरींना माझाच व्हिडिओ दाखवत होती ती. बघा, आज्जी कशी म्हणती.


२३ जानेवारी, शुक्रवार

सायली सकाळी म्हणाली, आज्जी, उद्या बाई आल्या की तू ओवी म्हणू नकोस, घसा बसलाय म्हण.

दुपारी शाळेतनं फोन केला, म्हण म्हणाली.

रात्री जेवताना काहीच न्हाई म्हणाली.

निळं पातळ इस्तरी करून ठेवलंय. नेसू का नको.


२४ जानेवारी, शनिवार

आल्या. पांढरी गाडी, फाटकात वळंना, मग बाहेरच लावली. बाई साठीच्या आतल्या, चष्मा, बोलायला मऊ. बरोबरचे गुरुजी तबल्याचे, वयस्कर, धोतर न्हाई, पँटच, पर बसले मांडी घालून. ह्यांच्याशी त्यांचं लगेच जमलं, दोघांना बी कमी ऐकू येतं.

मी निळं नेसले होते. फोटो काढले. बाई म्हणाल्या, "आजी, तुमच्यामुळं आमचा अंक गावोगाव वाचला गेला, बघा. आता ती आभाळाची ओवी म्हणा, रेकॉर्ड करते. शिरूरच्या कार्यक्रमात सायलीच्या पाठाआधी लावू."

फोन माझ्या तोंडाम्होर धरला. मी सायलीकडं बघितलं. ती चहाचे कप घेऊन उभी. तोंड उघडलं मी. सूर लावायच्या आधी दम घेतात तेवढा घेतला.

"थांब आज्जी," सायली म्हणाली.

कप खाली ठेवले, चहा बशीत सांडला. म्हणाली, "बाई, ती ओवी आज्जीची न्हाई. माझी बी न्हाई. फोननं केलीय. लेखच फोननं केलाय."

बाईंनी फोन तसाच धरलेला. मग हळूच खाली घेतला. हसल्या जरा. "अगं, भाषा सुधारायला सगळेच घेतात मदत. त्याचं काय एवढं. आपण ओवीखाली 'पारंपरिक' टाकू."

"पारंपरिक बी न्हाई ती. आन् वर्ग झालाच न्हाई बाई. माझ्या शाळेत जातं न्हाई. ती पोरं, दिवाळीपर्यंत सुरात आलेली, ती न्हाईतच. आन् खुटबावच्या बाई ते वाचून..." इथं तिला बोलता येईना. मग सुनंदानं सांगितलं राहिलेलं. खुटबावचं समदं, घसे बसल्याचं, सरांनी बोलल्याचं. सुनंदा कधी पाव्हण्यांम्होर बोलत न्हाई.

बाईंनी फोन पिशवीत ठेवला.

गुरुजींना निम्मं ऐकू आलं आसंल वाटलं, पर समदं आलं होतं. म्हणाले, "बाई, ह्या पोरीनं सांगितलं म्हणून कळलं. आपल्या त्या अंकात अजून लेख आहेत. ते कुणी लिहिले?"

बाई म्हणाल्या, "गुरुजी, आत्ता नको."

"मग कधी? माझाबी लेख आहे त्यात. मुलानं टाईप करून दिला. टाईपच केला का अजून काय केलं, मी विचारलं न्हाई त्याला."

बाईंचा चष्मा काढून पुसून झाला. मग त्या सायलीला म्हणाल्या, रागानं न्हाई, पर मघासारखं मऊ बी न्हाई. म्हणाल्या, दोन वाटा आहेत. आजी हयात आहेत एवढी चौकट टाकायची, ती तयार आहे, छापायला जाईल. न्हाई तर तुझ्या नावानं, तुझ्या हातानं लिहिलेलं निवेदन, सगळं, वर्ग झाला न्हाई हे सुद्धा. ते छापलं की लेख मागं घेतला म्हणून लिहावं लागेल, तुझ्या शाळेला कळेल, पाठ दुसऱ्याला जाईल. मी एकटी ठरवू शकत न्हाई, मासिकाचं मंडळ आहे. आन् तुझ्यावर बळजबरी पण करणार न्हाई. तू ठरव.

सायली म्हणाली, "मला लिहिता येत न्हाई बाई. म्हणून तर."

"चार ओळी असल्या तरी चालतील. पण तुझ्या."

गुरुजी उठताना म्हणाले, त्या खुटबावच्या मुलीला पण बोलवा. तिच्या समोर ठरू दे. बाईंना ते आवडलं न्हाई, पर न्हाई म्हणाल्या न्हाईत.

चहा कुणीच प्यायला न्हाई. ह्यांनी प्यायला, दोन कप.

गाडी गेल्यावर सायली वही घेऊन ओट्यावर बसली. संध्याकाळपर्यंत बसली होती. मी मधी जाऊन बघितलं, 'मी सायली' एवढं लिहून खोडलेलं. परत 'मी'. म्हणलं, मी सांगू का? म्हणाली, "नको आज्जी. तू सांगितलं तर ते तुझं होईल." बाळू म्हणाला, चौकट बरी, पोरीचं आयुष्य हाय. सुनंदा तिच्याजवळ पाण्याचा तांब्या ठेवून गेली.

मी बी फोन हातात घेतला. हळदीकुंकवाचा व्हिडिओ अजून फिरतोय, सरपंचिणीला म्हणलं काढ, तर म्हणाली, काढून काय हुतंय आज्जी, कवाच पुढं गेला. त्यात मी मान हलवलेली स्पष्ट दिसती. व्हय अशीच हललीय.

तवा व्हय का म्हणलात, हे आज मला कुणी विचारलं न्हाई. सायलीनं मधीच थांबवलं, म्हणून राहिलं. मंडळ येईल तवा विचारतील. वैशालीबाई तर विचारंलच, तिनं पोरींना दाखवलाय.

सव्वीस जानेवारीच्या गाण्यांची गडबड उरकली की मंडळाला आन् वैशालीबाईला घेऊन इथंच येतो म्हणाल्यात बाई. २९ तारीख, गुरुवार.